चौथ्या दिवसाचं गणित

ऑस्ट्रेलियात घरात लहान मूल असलेल्या बाईला ‘नोकरी करतेस का?’ असं सहसा कुणी विचारत नाही. ‘किती दिवस करतेस?’ असं विचारतात. तीन म्हटलं की समोरची मान डोलावते. पाच म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘मग बाळाला कोण बघतं?’ आठवड्याचे तीन दिवस कामावर आणि बाकीचे घरी, ही तिथल्या असंख्य तरुण आयांची घडी आहे. ती निव्वळ आवडीतून बसलेली नाही. तिच्यामागे पाळणाघराची दिवसावारी फी आहे आणि त्या फीतला मोठा वाटा उचलणारं केंद्र सरकारचं अनुदान आहे. हे अनुदान गेल्या पंचवीस वर्षांत इतक्यांदा बदललं, की थोरल्याच्या वेळी आईने पाठ केलेले नियम धाकट्याच्या वेळी बाद झालेले असायचे.

अनुदान वाढलं की कुटुंबांचं भलं झालं, घटलं की नुकसान झालं, असा सरळ हिशेब बातम्यांत असतो. हे सगळे बदल एकापाठोपाठ एक वाचत गेलं की तो हिशेब टिकत नाही. टक्का महत्त्वाचा आहेच. पण अनुदानाला अट कोणती लावली, पैसे कुणाच्या हातातून गेले, केव्हा मिळाले आणि घराजवळ पाळणाघरात जागा होती की नाही, यावर एखाद्या घराचं काय होतं ते जास्त ठरतं.

आधी हिशेब प्रत्यक्ष मांडून बघू. एक जोडपं धरू. नवरा वर्षाला ८५ हजार डॉलर मिळवतो. बायकोचा पूर्णवेळ पगार ७५ हजार झाला असता, पण ती आठवड्यातले तीन दिवस जाते म्हणून ४५ हजार. एक मूल. पाळणाघराची फी दहा तासांच्या दिवसाला १५० डॉलर. २०२३-२४च्या नियमांप्रमाणे १ लाख ३० हजारांच्या एकत्रित उत्पन्नाला ८० टक्के अनुदान मिळायचं. म्हणजे दिवसाला ३० डॉलर आपले, असं वाटेल. पण सरकार ते ८० टक्के सगळ्या फीवर देत नाही, ताशी कमाल दरापर्यंतच्याच फीवर देतं, आणि त्या वर्षी तो दर १३ डॉलर ७३ सेंट होता. दहा तासांचे १३७ डॉलर ३० सेंट, त्याचे ८० टक्के म्हणजे ११० डॉलरच्या आसपास. उरलेले ४० डॉलर घरच्यांचे. तिथले पालक याला ‘गॅप फी’ म्हणतात आणि त्यांच्या दृष्टीने खरी फी तीच.

आता बायकोने चौथा दिवस घ्यायचं ठरवलं. पगार १५ हजारांनी वाढला. घराचं उत्पन्न १ लाख ४५ हजारांवर गेलं, म्हणून अनुदान ७७ टक्क्यांवर आलं. हा उतरलेला दर नुसत्या चौथ्या दिवसाला लागत नाही, आधीच्या तीन दिवसांनाही लागतो. गॅप दिवसाला ४४ डॉलर झाली. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर पाळणाघराला सुमारे २,८०० डॉलर जास्त गेले. प्राप्तिकर आणि मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेची वर्गणी मिळून पाच हजारांच्या वर गेले. पंधरा हजारांतले हातात पडले ते सात हजारांच्याही आत. त्यातून जाण्यायेण्याचा खर्च, बाहेरचं जेवण आणि मूल आजारी पडलं की बुडणारा दिवस वजा करायचा. पाळणाघर त्या बुडालेल्या दिवसाचीही फी घेतंच.

आणि हा हिशेब अनुदान भरघोस वाढवल्यानंतरचा आहे. ग्रॅटन इन्स्टिट्यूट या मेलबर्नच्या अभ्याससंस्थेने २०२० मध्ये दाखवून दिलं होतं, की अनेक घरांत चौथ्या-पाचव्या दिवशी कामावर जाणाऱ्या आईच्या वाढीव कमाईतला ८० ते १०० टक्के भाग कर, कमी होणारे भत्ते आणि पाळणाघराची फी यांतच विरून जातो. दिवसभर राबून घरी काहीच येत नसेल तर तो दिवस बाई कशाला घेईल? पुढे तिची बढती अडते, निवृत्तीवेतनाच्या खात्यात कमी पैसे साठतात, घटस्फोट झाला तर ती उघड्यावर पडते. अनुदानाच्या कोष्टकातल्या तीन टक्क्यांचे परिणाम वीस वर्षांनी दिसतात, आणि तोवर कोष्टक लिहिणारे अधिकारी बदललेले असतात.

या व्यवस्थेचा उगम वेगळा होता. १९७२ साली पंतप्रधान मॅकमहॉन यांच्या सरकारच्या शेवटच्या दिवसांत चाइल्ड केअर कायदा झाला. त्यात पैसे थेट पाळणाघरांना मिळत, आणि तेही ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या पाळणाघरांना. पुढे हळूहळू ओघ पालकांकडे वळला. पालकाला सवलत द्या, तो हवं ते पाळणाघर निवडेल, असा विचार होता. १९९१ मध्ये ही सवलत नफ्यासाठी चालणाऱ्या पाळणाघरांतल्या मुलांनाही लागू झाली. माझ्या मते या साऱ्या कहाणीतला सर्वांत मोठा बदल हाच. त्या वर्षापासून सरकारी पैसा कुठल्या वस्तीत पाळणाघर उभं करतो हे सरकारच्या हातात राहिलं नाही.

त्याचं टोक २००८ मध्ये दिसलं. ब्रिस्बेनमध्ये १९८८ साली एका पाळणाघरापासून सुरू झालेली एबीसी लर्निंग ही कंपनी शेअर बाजारात गेली, कर्ज काढून पाळणाघरं विकत घेत सुटली आणि एकट्या ऑस्ट्रेलियात तिची हजारावर केंद्रं झाली. तिच्या मिळकतीचा मोठा भाग सरकारी अनुदानाचा होता. नोव्हेंबर २००८ मध्ये ती कोसळली. उद्या सकाळी पाळणाघर उघडं असेल का, हे देशभरच्या हजारो आईबापांना ठाऊक नव्हतं. सरकारने पुन्हा तिजोरीतून पैसे ओतून केंद्रं चालू ठेवली आणि शेवटी त्यांतली साडेसहाशेच्या आसपास केंद्रं चार धर्मादाय संस्थांच्या संघाने घेतली. आजची गुडस्टार्ट ही संस्था ती.

त्याच काळात पालकांना मिळणाऱ्या पैशांची वेळही बदलत होती. वेळेचा हा मुद्दा अभ्यासांत फार येत नाही, घरात मात्र तोच सर्वांत आधी जाणवतो. २००४ च्या निवडणुकीत जाहीर झालेली ३० टक्क्यांची सवलत करातून मिळायची. फी आज भरा, पैसे पुढे केव्हातरी. ज्यांना करच बसत नव्हता त्या गरिबांच्या पदरात फारसं काही पडलं नाही. २००८ मध्ये सवलत ५० टक्के झाली आणि दर तिमाहीला मिळू लागली, २०११ पासून दर पंधरवड्याला. पण प्रत्येक मुलामागे वर्षाला ७,५०० डॉलरची कमाल मर्यादा होती, आणि ती वर्षानुवर्षं तिथेच गोठवून ठेवली गेली. फी वाढत राहिली, तशी मर्यादा लवकर संपू लागली. तिथलं आर्थिक वर्ष जूनअखेर संपतं. पूर्णवेळ काम करणाऱ्या आयांची सवलत त्याच्या कितीतरी आधी आटायची आणि उरलेले महिने पूर्ण फी भरावी लागायची. कुणी त्या महिन्यांत दिवस कमी करायची, कुणी साठवलेली रजा तेव्हाच काढायची. नियमात ‘कपात’ असा शब्दही नव्हता, पण आकडा न वाढवणं हीसुद्धा कपातच असते.

२ जुलै २०१८ ला हे सगळं मोडून एकच ‘चाइल्ड केअर सबसिडी’ आली. त्या योजनेचं मूळ नावच ‘जॉब्ज फॉर फॅमिलीज’ होतं, त्यामुळे हेतू लपलेला नव्हता. कमी उत्पन्नाला ८५ टक्के, वर जाल तसं कमी, आणि पैसे थेट पाळणाघराच्या खात्यात. ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी खात्याच्या महागाई निर्देशांकात त्या तिमाहीत पाळणाघराचा खर्च जवळपास १२ टक्क्यांनी उतरला. बहुसंख्य घरांना फायदा झाला, हे खरं.

पण त्याच दिवशी एक अटही कडक झाली. आईबाप पंधरवड्याला किती तास काम, शिक्षण किंवा तत्सम ‘मान्य’ गोष्टी करतात, त्यावर मुलाला किती तासांचं अनुदान मिळेल ते ठरू लागलं. दोघांपैकी ज्याचे तास कमी, त्याचे धरायचे. ४८ तासांच्या वर असतील तर १०० तासांचं अनुदान, १६ ते ४८ असतील तर ७२, ८ ते १६ असतील तर ३६. आठाच्या आत असतील तर काहीच नाही. फक्त ६७ हजारांच्या आतल्या उत्पन्नाच्या कुटुंबांना तेवढी २४ तासांची सूट होती. त्याआधी काम नसलेल्या घरातल्या मुलालाही आठवड्याला २४ तास मिळत. ते आता पंधरवड्याला २४, म्हणजे थेट निम्मे झाले.

चोवीस तास म्हणजे किती, हे बघायला पाळणाघराच्या वेळापत्रकात डोकवावं लागतं. फी तासावर नसते, ‘सेशन’वर असते. सकाळी साडेसहाला उघडणारं केंद्र बारा तासांचं सेशन लावत असेल, तर मूल तिथे सहाच तास राहिलं तरी बाराच तास मोजले जातात. चोवीस भागिले बारा म्हणजे पंधरवड्याला दोन दिवस, आठवड्याला एक. ज्या घरात आईबापांना कायमचं काम नाही, हातातोंडाची गाठ पडत नाही, त्या घरातलं मूल आठवड्यातून एकदा पाळणाघरात जायचं. तिथल्या ताईंची ओळख होण्याआधीच आठवडा उलटायचा. आणि पाळणाघराचा सर्वांत जास्त उपयोग होतो तो याच मुलांना. आईच्या नोकरीच्या तासांची शिक्षा तीन वर्षांच्या मुलाला का, याचं समाधानकारक उत्तर त्या अटीच्या समर्थकांकडून मला कधी मिळालं नाही.

सेशनची लांबी ही तशी कुटुंबांच्या नजरेआडची गोष्ट, पण तिच्यावर बरंच अवलंबून असतं. वरच्या उदाहरणातली १५० डॉलरची फी दहा तासांची धरली तर ताशी १५ डॉलर पडतात, कमाल दराच्या वर. तीच फी बारा तासांची म्हणून लावली तर ताशी साडेबारा, मर्यादेच्या आत, आणि गॅप ४० वरून ३० डॉलरवर येते. मग बाराच का लावू नये? कारण ज्यांना ७२ तासच मंजूर आहेत त्यांना दहा तासांच्या हिशेबाने पंधरवड्यात सात दिवस मिळतात, बाराच्या हिशेबाने सहा. म्हणून अनेक केंद्रं नऊ, दहा, बारा असे पर्याय ठेवतात आणि पालकांना त्यातून आपलं काय बसतं ते काढावं लागतं. तिथल्या मराठी घरांत हे काम बहुधा नवरा एक्सेलमध्ये करतो आणि बायको शेजारणीला विचारून. शेजारणीचं उत्तर बऱ्याचदा जास्त बरोबर निघतं, कारण तिने ते भोगलेलं असतं.

अजून एक काच म्हणजे उत्पन्नाचा अंदाज. वर्षाच्या सुरुवातीला घराचं उत्पन्न किती होईल ते सरकारला कळवायचं, त्यावर टक्का ठरतो. अंदाज चुकला तर वर्षअखेर वसुली होते. म्हणून सरकार अनुदानातले साधारण ५ टक्के आधीच राखून ठेवतं. पगारी नोकरांना हे सोपं आहे. उबर चालवणाऱ्याला, शिफ्टवर काम करणाऱ्या नर्सला, कंत्राटावर असलेल्या संगणक अभियंत्याला पुढच्या जूनपर्यंतचं उत्पन्न कसं सांगता येणार? थकबाकीचं पत्र येईल या धास्तीने उत्पन्न मुद्दाम जास्त सांगणारे आहेत. ते हक्काचे पैसे वर्षभर अडकवून ठेवतात.

२०२० मध्ये साऱ्या देशाने नकळत एक प्रयोग केला. कोविडमुळे मुलं काढून घेतली जाऊ लागली, केंद्रं बंद पडायच्या बेतात आली, तेव्हा ६ एप्रिलपासून पाळणाघर पालकांना मोफत झालं. सरकारने केंद्रांना त्यांच्या आधीच्या मिळकतीच्या निम्म्या हिशेबाने थेट पैसे दिले. महागाई निर्देशांकात पाळणाघराचा खर्च त्या तिमाहीत ९५ टक्क्यांनी कोसळला आणि एवढ्या एका कारणाने मुख्यतः देशाचा एकूण निर्देशांक १.९ टक्क्यांनी खाली आला. त्या निर्देशांकाच्या बहात्तर वर्षांच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी तिमाही घट. १२ जुलैला मोफत पर्व संपलं, जुनं अनुदान परत आलं. काम गेलेल्या, तास घटलेल्या घरांना त्याच क्षणी पुन्हा फी सुरू झाली. सरकारने मनावर घेतलं तर पाळणाघर एका आठवड्यात मोफत करता येतं, हे मात्र त्या तीन महिन्यांत लोकांनी पाहिलं, आणि पुढची सगळी राजकीय चर्चा त्या आठवणीवर उभी राहिली.

पाठोपाठ बदल झाले. जास्त उत्पन्नाच्या घरांसाठी नव्या योजनेतही राहिलेली वार्षिक मर्यादा १० डिसेंबर २०२१ ला गेली. मार्च २०२२ पासून दुसऱ्या आणि पुढच्या लहान मुलांना ३० टक्क्यांपर्यंत जास्त, कमाल ९५ टक्के अनुदान मिळू लागलं. दोन लहानग्यांच्या आयांना याने खरा श्वास मिळाला. मात्र इथेही एक खाच आहे. हा वाढीव दर पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचाच हिशेब धरतो. दोन मुलांच्या घरात थोरला सहा वर्षांचा झाला की तो मोजणीतून बाहेर पडतो, धाकटा ‘पहिला’ ठरतो आणि त्याचा दर खाली येतो. घरात वाढदिवसाचा केक आणि पुढच्या पंधरवड्यात वाढलेलं बिल.

जुलै २०२३ मध्ये अल्बानीज सरकारने दर सगळ्यांसाठी उचलला. ८० हजारांपर्यंतच्या उत्पन्नाला ९० टक्के, पुढे दर पाच हजारांना एक टक्का कमी, थेट ५ लाख ३० हजारांपर्यंत. १ लाख २० हजारांच्या घराचं अनुदान ७१ वरून ८२ टक्क्यांवर गेलं. त्या सप्टेंबर तिमाहीत पाळणाघराचा घरच्यांना पडणारा खर्च १३.२ टक्क्यांनी कमी झाला. पण सांख्यिकी खात्याने सोबत दुसरा आकडाही दिला, आणि तो जपून ठेवण्यासारखा आहे. अनुदान वाढलं नसतं तर त्याच तिमाहीत खर्च ६.७ टक्क्यांनी वाढला असता. म्हणजे सरकारने एका बाजूने पैसे टाकले आणि दुसऱ्या बाजूने फी चढली.

ही फी चढते कशी, याचा तपास ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आयोगाने केला. त्यांचा अंतिम अहवाल जानेवारी २०२४ मध्ये आला. २०१८ ते २०२२ या काळात तिथली मूळ फी २० टक्क्यांनी वाढली होती, आणि विकसित देशांच्या गटाची सरासरी वाढ होती ९.५ टक्के. प्रत्येक मोठ्या अनुदानवाढीनंतर पालकांचा खर्च आधी उतरतो आणि मग फीवाढ तो फायदा खात जाते, असं त्यांना दिसलं. याचा अर्थ सगळेच पाळणाघरवाले लुटारू असा काढणं अन्यायाचं होईल. खर्चातला दोनतृतीयांशाहून अधिक भाग पगारांचा असतो आणि तो पगारही तुटपुंजाच आहे. पण आयोगाने हेही नोंदवलं, की ना-नफा संस्थांना जागेचं भाडं कमी पडतं आणि वाचलेले पैसे त्या कर्मचाऱ्यांवर खर्च करतात, तर नफ्यावर चालणाऱ्या मोठ्या कंपन्यांची शिल्लक जास्त असते. तिथल्या दिवसभराच्या पाळणाघरांपैकी सुमारे ७० टक्के आज नफ्यासाठी चालतात. १९९१ च्या निर्णयाचं हे फळ.

आणि फी चढती ठेवणारी केंद्रं निघतात तीही फी देऊ शकणाऱ्या वस्त्यांत. व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या मिचेल इन्स्टिट्यूटने २०२२ मध्ये देशाचा नकाशा तपासला. एका जागेमागे तीनहून अधिक मुलं असतील तर तो भाग ‘पाळणाघरांचं वाळवंट’ धरला. देशातली ३५ टक्के वस्ती अशा भागात राहत होती. खेड्यांत, आतल्या गावांत तर चित्र विदारकच. तिथल्या आईला ९० टक्के अनुदान द्या नाहीतर ९५, तिच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य. कारण अनुदान लागू व्हायला आधी फी भरायला पाळणाघर लागतं.

दुसरा मार्ग कॅनडाच्या क्यूबेक प्रांताने धरला. १९९७ मध्ये पोलिन मारवा शिक्षणमंत्री असताना तिथे दिवसाला सरसकट पाच डॉलर फी ठरली. पैसे पालकांऐवजी केंद्रांना, आणि फी सरकार ठरवणार. नोकरी करणाऱ्या आयांची संख्या इतकी वाढली, की २००८ सालासाठी अर्थतज्ज्ञ पियेर फोर्तँ आणि सहकाऱ्यांनी ती वाढ ७० हजारांच्या आसपास मोजली. मात्र जागा पुरल्या नाहीत, वेटिंग लिस्ट लांबल्या, आणि चांगल्या केंद्रांत सुस्थितीतल्या घरांची मुलं आधी शिरली. बेकर, ग्रूबर आणि मिलिगन या तिघांच्या २००८ च्या गाजलेल्या अभ्यासात तर मुलांमध्ये चिडचिड, भीती वाढल्याचं दिसलं. पुढच्या संशोधकांनी ते चित्र बारकाईने तपासलं तेव्हा वंचित घरांतल्या मुलांना उलट फायदा झालेला आढळला आणि केंद्राच्या दर्जावर बरंच अवलंबून असल्याचं कळलं. २०१५ मध्ये तिथल्या सरकारने उत्पन्नाप्रमाणे फी वाढवली, लोकांना ते रुचलं नाही, आणि २०१९ मध्ये पुढच्या सरकारने सरसकट फी परत आणली. एकदा सगळ्यांना सारखं दिलं की ते काढून घेणं राजकीयदृष्ट्या अवघड होतं. क्यूबेकच्या घरांना याने जी निश्चिंती मिळाली ती ऑस्ट्रेलियातल्या घरांना कधी मिळाली नाही.

इंग्लंडचा उल्लेख एवढ्यासाठी, की तिथे अट कशी विचित्र वागते ते दिसतं. सप्टेंबर २०२५ पासून नऊ महिन्यांच्या बाळापासून पुढे, कमावत्या आईबापांना शाळेच्या आठवड्यांत दर आठवड्याला पाळणाघराचे तीस तास मोफत मिळतात. पण दोघांपैकी एकाचंही उत्पन्न एक लाख पौंडांवर गेलं की कमावत्यांचा हा हक्क बंद. दोघं प्रत्येकी ९९ हजार मिळवत असतील तर तो मिळतो, एकटाच १ लाख १ हजार मिळवत असेल तर नाही. म्हणून पगारवाढ झालेले पालक जास्तीचे पैसे पेन्शन खात्यात टाकून कागदावरचं उत्पन्न खाली आणतात.

आपल्याकडचा बदल गेल्या दशकातला, पण त्याची चर्चा कुठे झाली? राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २०१७ पर्यंत खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकार उचलत असे आणि १० टक्के संस्था. मग वाटणी ६०, ३० आणि १० अशी झाली. केंद्र, राज्य, संस्था. राज्याचा वाटा आला नाही की केंद्राचाही अडकायचा, सेविकेचं मानधन महिनोन्‌महिने थकायचं. २३ हजारांच्या घरात असलेली पाळणाघरं दशक संपताना साडेसहा हजारांच्या आसपास उरली. इथे प्रश्न फीचा किंवा दराचा नव्हता. दिल्लीतल्या एका कागदावरची टक्केवारी सरकली आणि मजूर बायकांच्या वस्तीतल्या खोलीला कुलूप लागलं. मूल पुन्हा वीटभट्टीवर, फडात किंवा आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर गेलं, आणि बहिणीची शाळा सुटली. २०२२ पासून ‘पालना’ नावाने अंगणवाडीतच पाळणाघर चालवण्याची योजना आहे, १७ हजार केंद्रांचं उद्दिष्ट ठेवून. देशाचा आकार पाहता हे फारच थोडं आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं खरं, पण धुणीभांडी करणाऱ्या बाईची आस्थापना कोणती?

ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरांना या साऱ्याची एक वेगळी कड लागते. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्निट, ट्रुगनिना, पॉइंट कुक या नव्या उपनगरांत भारतीय तरुण जोडपी दाटीने राहतात. त्यांतली बरीच सुरुवातीची वर्षं तात्पुरत्या व्हिसावर काढतात. तात्पुरत्या कामाच्या किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या जवळपास सगळ्या कुटुंबांना हे अनुदान मिळत नाही. कर तेवढाच, फी पूर्ण. दोन मुलांचे पाच दिवस म्हणजे आठवड्याला दीड हजार डॉलर. मग बायकोची नोकरी थांबते, किंवा पुण्याहून, नाशिकहून आईला बोलावलं जातं. आजी व्हिजिटर व्हिसावर येते, मुदत संपली की परतते, मग दुसरीकडची आजी येते. २०१९ मध्ये आलेल्या पालकांसाठीच्या तात्पुरत्या व्हिसाला सुरुवातीला तीन वर्षांचे पाच हजार आणि पाच वर्षांचे दहा हजार डॉलर पडायचे. पाळणाघराच्या पूर्ण फीपुढे तेही स्वस्त वाटायचं. या आज्या परक्या गावात, गाडी न चालवता, दिवसभर नातवंडाला खेळवतात, वरणभात भरवतात, गुडघे दुखत असताना त्याला बागेत नेतात. त्यांचं ते काम कुठल्याही सरकारी आकड्यात धरलेलं नाही. नागरिकत्व किंवा कायमचं वास्तव्य मिळालं, की महिन्याभरात चित्र पालटतं आणि आजीला पहिल्यांदा सांगता येतं की आता मी घरी जाते.

सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने कामाच्या तासांची अट काढून टाका, सर्वांना आठवड्याला तीस तास किंवा तीन दिवस द्या आणि ८० हजारांच्या आतल्या घरांना पूर्ण अनुदान द्या, अशी शिफारस केली. सरकारने त्यातली अर्धी वाट धरली. ५ जानेवारी २०२६ पासून ‘थ्री डे गॅरंटी’ लागू झाली. आईबाप काम करोत वा न करोत, अनुदानास पात्र असलेल्या प्रत्येक मुलाला पंधरवड्याला ७२ तास. शंभर तासांसाठी मात्र कामाची अट राहिली. दुसरं बाळ पोटात असताना घरी बसलेल्या आईचं मूल आता तीन दिवस जाऊ शकतं, आणि २०१८ च्या अन्यायाचं हे थेट परिमार्जन आहे. मला हा त्या देशाने अलीकडे केलेला सर्वांत चांगला बदल वाटतो.

पण चौथ्या दिवसाचा उतार तसाच आहे. पूर्ण अनुदान गरिबांनाही मिळालेलं नाही. नव्या जागांसाठी एक अब्ज डॉलरचा निधी जाहीर झाला, तरी वाळवंटी गावांत इमारती उभ्या राहायला आणि तिथे शिकवणारी माणसं मिळायला वेळ लागणार. त्या माणसांना, म्हणजे बहुतांशी बायकांना, डिसेंबर २०२४ पासून दोन टप्प्यांत १५ टक्के पगारवाढ मिळाली. ती सरकारी पैशातून आहे, फीवाढीवर मर्यादा पाळणाऱ्या केंद्रांनाच आहे, आणि तिची मुदत नोव्हेंबर २०२६ अखेरपर्यंतची आहे. मुदत वाढली नाही तर तो भार फीवर येईल. जुलै २०२५ मध्ये मेलबर्नच्या एका पाळणाघर कर्मचाऱ्यावर बालकांच्या लैंगिक छळाचे आरोप असल्याचं जाहीर झालं आणि देश हादरला. त्यानंतर सुरक्षिततेचे निकष न पाळणाऱ्या केंद्रांचं अनुदान तोडण्याचा अधिकार सरकारने घेतला. तो वापरावाच लागेल. पण वस्तीतलं एकच केंद्र असेल आणि त्याचं अनुदान तुटलं, तर दुसऱ्या दिवशी मुलं कुठे जातील याची तजवीज त्याच अधिकाऱ्याने करायला हवी. तात्पुरत्या व्हिसावरच्या घरांना ही तीन दिवसांची हमीही लागू नाही. टार्निटच्या अशाच एका घरात जुलैपर्यंत एक आजी आहे, पुढचं तिकीट दुसरीचं काढायचं आहे.